वादळापूर्वीचे तीन दिवस



चक्रीवादळाची सूचना आली की किनाऱ्यावरील कोणत्याही गावात दोन प्रश्न विचारले जातात. जावयाचे कोठे, हा पहिला. आणि मागे राहिलेल्या घराचे, गुराढोरांचे काय, हा दुसरा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागा, घरांची कौले व पत्रे, विजेचे खांब यांची अपरिमित हानी करून गेले. त्यानंतर वर्षभराने, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. या दोन वादळांनी वरील दोन प्रश्न कोकणच्या दारी आणून ठेविले आहेत. म्हणून ज्या बेटाने गेली साठ वर्षे या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात घालविली, त्या बेटाची हकीकत जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

ते बेट म्हणजे कॅरिबियन समुद्रातील क्यूबा होय. पूर्व-पश्चिम सुमारे १,२५० किलोमीटर लांबीचे, पण रुंदीने अगदी चिंचोळे असे हे बेट वादळांच्या वाटेवर आडवे पहुडलेले आहे. लोकसंख्या सुमारे एक कोटी. दरवर्षी १ जून ते ३० नोव्हेंबर हा तेथील वादळांचा हंगाम. अटलांटिक महासागरात निर्माण होणाऱ्या या वादळांना ‘हरिकेन’ म्हणतात. हा शब्द मूळचा त्याच बेटांवरील आदिवासी ताइनो लोकांचा. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो तेच हे वादळ. नाव तेवढे निराळे. ‘सायक्लोन’ हा शब्द तर हेन्री पिडिंग्टन या गृहस्थांनी कलकत्त्यात बसून १८४८ साली रूढ केला. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर झाला की वादळास हरिकेन ही संज्ञा लाभते आणि तो ताशी २५२ किलोमीटरच्या घरात पोहोचला की ते पाचव्या, म्हणजे सर्वांत भीषण श्रेणीत गणले जाते.

दोन जुने धडे

वादळाची पूर्वसूचना देण्याची परंपरा या बेटावर फार जुनी आहे. हवाना शहरातील बेलेन वेधशाळेचे संचालक म्हणून १८७० साली फादर बेनितो विन्येस हे जेझुइट धर्मगुरू आले. आकाशात अतिशय उंचावर पसरणारे पिसासारखे ढग कोणत्या दिशेने येतात याचे त्यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले आणि त्यावरून वादळाचे केंद्र कोठे असावे हे ताडण्याची पद्धत बसविली. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी वादळाची पहिली सूचना प्रसिद्ध केली. पुढे जहाजांचे कप्तान व तारखात्याचे कर्मचारी त्यांना निरीक्षणे कळवू लागले आणि किनाऱ्यावरील लोक त्यांच्या शब्दावर विसंबू लागले.

परंतु सूचना असणे व ती ऐकली जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९०० साली क्यूबावर अमेरिकेचा ताबा होता. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकी हवामान कार्यालयाच्या आग्रहावरून क्यूबातील वेधशाळांच्या हवामानविषयक तारांवर बंदी घालण्यात आली. सप्टेंबरच्या आरंभी एक वादळ क्यूबावरून पुढे सरकले. ते पश्चिमेकडे, टेक्सासच्या बाजूस वळेल असा तेथील अभ्यासकांचा कयास होता. अमेरिकी कार्यालयास ते उत्तरेकडे फ्लॉरिडाच्या रोखाने जाईल असे वाटले. ८ सप्टेंबर रोजी ते टेक्सासच्या किनाऱ्यालगत असलेल्या गॅल्व्हेस्टन या बेटावरील शहरावर कोसळले. कित्येक हजार माणसे एका रात्रीत बुडाली. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती म्हणून तिची नोंद आहे.

दुसरा धडा खुद्द क्यूबात मिळाला. ९ नोव्हेंबर १९३२ रोजी दक्षिण किनाऱ्यावरील सांता क्रूझ देल सूर या गावात वादळाबरोबर समुद्र आत शिरला. पाण्याची उंची सहा मीटरच्याही वर गेली आणि अडीच ते तीन हजार लोकांनी प्राण गमावले. गाव जवळजवळ नाहीसे झाले. वादळात माणसे वाऱ्यापेक्षा पाण्यानेच अधिक मरतात, हे कटू सत्य त्या दिवशी बेटाला उमगले. आंध्र प्रदेशातील दिविसीमा या कृष्णेच्या मुखाशी असलेल्या बेटवजा भागावर १९ नोव्हेंबर १९७७ रोजी असाच समुद्र चालून आला होता आणि त्या वादळात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले होते, हे आपल्यापैकी अनेकांस स्मरत असेल.

‘फ्लोरा’ नंतर

ऑक्टोबर १९६३ मध्ये ‘फ्लोरा’ नावाचे वादळ क्यूबाच्या पूर्व भागावर आले आणि चार दिवस तेथेच घिरट्या घालीत राहिले. नद्यांना महापूर आले व हजाराहून अधिक लोक मरण पावले. या आघातानंतर दोन कामे हाती घेण्यात आली. नद्यांवर धरणे बांधण्यात आली आणि १९६६ साली नागरी संरक्षणाची यंत्रणा कायद्याने उभी करण्यात आली. या यंत्रणेचा पाया राजधानीत नाही, तो गल्लीत आहे. प्रांताच्या व नगरपालिकेच्या प्रमुखाकडेच आपापल्या क्षेत्रातील नागरी संरक्षणाची धुरा असते. त्याखाली मोहल्ल्याच्या समित्या, महिला संघटनेच्या कार्यकर्त्या व वस्तीचा डॉक्टर अशी साखळी असते.

या सर्वांची तालीम दरवर्षी होते. १९८६ पासून हंगाम सुरू होण्यापूर्वी ‘मेतेओरो’ नावाचा दोन दिवसांचा राष्ट्रव्यापी सराव घेतला जातो. एक दिवस अधिकारी आपले आराखडे तपासून पाहतात. दुसऱ्या दिवशी नागरिक झाडांच्या धोकादायक फांद्या छाटतात, गटारे व नाले मोकळे करतात, विहिरींची व निवाऱ्यांची पाहणी करतात. शाळांतील मुलेही त्यात भाग घेतात. पहिल्या वादळापूर्वीच प्रत्येकाला आपले काम ठाऊक झालेले असते, हे या सरावाचे फलित होय.

बहात्तर तास

वादळ बेटापासून साधारण बहात्तर तासांच्या अंतरावर आले की पहिला, म्हणजे ‘माहितीचा’ टप्पा जाहीर होतो. हवामान संस्थेचे निवेदन रेडिओ व दूरचित्रवाणीवर ठरावीक वेळी होऊ लागते. संस्थेचे ज्येष्ठ हवामानतज्ज्ञ होसे रुबिएरा यांचा चेहरा अनेक वर्षे घराघरांत परिचित होता. नकाशावर बोट ठेवून वादळ कोठे आहे, कोठे वळू शकेल व कोणत्या गोष्टीची अद्याप खात्री नाही, हे ते सोप्या भाषेत सांगत. अधिकाऱ्याने निश्चित काय व अनिश्चित काय हे दोन्ही सांगितले म्हणजे लोकांचा विश्वास घटत नाही, उलट वाढतो.

या टप्प्यात घरोघरी साधी कामे सुरू होतात. पिण्याचे पाणी पिंपांत व भांड्यांत भरून ठेवतात. गच्चीवरील टाक्या काठोकाठ भरतात, कारण रिकामी टाकी वाऱ्याबरोबर उडते, भरलेली जागची हलत नाही. छतावरील अँटेना, कुंड्या, सुटे पत्रे, अंगणातील खुर्च्या असे जे जे उडून दुसऱ्याच्या डोक्यात बसण्याजोगे असेल ते ते आत घेतले जाते. कंदील, मेणबत्त्या व बॅटरीवर चालणारा रेडिओ काढून ठेवतात. ओळखपत्रे, घराची कागदपत्रे व औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतात. तांदूळ व घेवडा हे तेथील मुख्य अन्न. ते शिजविण्यापुरते इंधन राखून ठेवले जाते.

अठ्ठेचाळीस तास

दुसरा टप्पा ‘सावधानतेचा’. खिडक्यांवर फळ्या ठोकल्या जातात, छपरे दोरांनी व तारांनी जखडली जातात. मासेमार आपल्या होड्या किनाऱ्यावरून ओढून नदीच्या मुखात, खारफुटीच्या आडोशाला नेऊन बांधतात. धरणांतून पाणी सोडून येणाऱ्या पुरासाठी जागा केली जाते. पिनार देल रिओ या पश्चिमेकडील प्रांतात तंबाखूची सुकविलेली पाने छपरांच्या कोठारांतून काढून पक्क्या गोदामांत हलविली जातात, कारण शेतकऱ्याची वर्षाची कमाई त्या पानांत असते. गुरे उंचवट्याच्या रानात नेली जातात.

याच वेळी वस्तीचा डॉक्टर व मोहल्ला समितीची कार्यकर्ती यांच्या हातातील यादी कामास येते. वस्तीत गरोदर स्त्रिया किती व कोणाचे दिवस भरत आले आहेत, अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोण, श्वासाचा किंवा हृदयाचा विकार कोणाला, कोणते घर मोडकळीस आलेले, एकटे कोण राहते, याची नोंद त्या यादीत आधीच असते. प्रसूतीची वेळ जवळ आलेल्या स्त्रियांना वादळाची वाट न पाहता रुग्णालयात हलविले जाते. ही यादी जिल्ह्याच्या कचेरीत बसून तयार होत नाही. दार वाजविणाऱ्या व्यक्तीनेच ती लिहिलेली असते, आणि म्हणूनच ती खरी असते.

चोवीस तास

तिसरा टप्पा ‘धोक्याचा’. सखल भाग, नद्यांचे काठ व कच्ची घरे रिकामी केली जातात. बसगाड्या, मालमोटारी, क्वचित बैलगाड्यासुद्धा यासाठी वापरल्या जातात. शाळा व वसतिगृहे निवारे होतात. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्थलांतरित होणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक सरकारी निवाऱ्यात जातच नाहीत. ते नातलगांच्या किंवा शेजाऱ्यांच्या पक्क्या घरांत राहतात. कोणाच्या घरी कोणी जावयाचे हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे निवाऱ्यांवरील ताण कमी होतो आणि माणसाला परक्या छताखाली अवघडल्यासारखे होत नाही.

तरीही काही जण घर सोडण्यास तयार होत नाहीत. त्यांना भेकड वा अडाणी म्हणून भागत नाही, कारण त्यांचे भय खरे असते. घर रिकामे राहिले तर चोरी होईल. वर्षानुवर्षे काटकसर करून घेतलेला दूरचित्रवाणी संच व फ्रीज पाण्यात जाईल. दारातले डुक्कर, कोंबड्या कोण पाहील? क्यूबात या भयाला दटावणीने नव्हे, तर व्यवस्थेने उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. मौल्यवान वस्तू लोकांबरोबर मालमोटारींतून सुरक्षित जागी नेऊन ठेवण्याची सोय करण्यात आली आणि रिकाम्या वस्त्यांवर पहारे बसविण्यात आले. स्थलांतराचा आदेश तेथे बंधनकारक असतो, ही गोष्ट खरी. परंतु केवळ आदेशावर लक्षावधी लोक दर एक-दोन वर्षांनी घर सोडीत नाहीत. आपण परत येऊ तेव्हा आपले सामान आपलेच असेल, ही खात्री त्यांना हलविते.

वाऱ्याचा जोर वाढला की वीजपुरवठा मुद्दाम बंद केला जातो, म्हणजे तुटलेल्या तारांनी कोणाचा बळी जाणार नाही. त्यानंतर रेडिओ एवढाच बाहेरच्या जगाशी दुवा उरतो. वादळाचा ‘डोळा’ डोक्यावर आला म्हणजे वारा एकाएकी पडतो, कधी आकाशही निवळते. वादळ संपले असे समजून नवखा माणूस बाहेर पडतो आणि काही वेळाने उलट दिशेने तितक्याच वेगाने आलेल्या वाऱ्यात सापडतो. बेटावरील शाळकरी मुलालाही हे ठाऊक असते.

खेड्यांत एक जुनी युक्ती अद्याप जिवंत आहे. शेतकरी आपल्या घराशेजारी एक बुटके त्रिकोणी खोपट बांधतो. त्याला भिंती नसतात. ताडाच्या झावळ्यांचे दोन्ही बाजूंचे छप्पर थेट जमिनीला टेकलेले असते व आतील लाकडी सांगाडा जमिनीत घट्ट रोवलेला असतो. वाऱ्याला धरावयास भिंत नसल्याने तो छपरावरून घसरून जातो. एरवी त्यात धान्य व अवजारे ठेवतात. वादळात सारे कुटुंब त्यात शिरते. याचे नाव ‘वारा एन तिएर्रा’. येथे ‘वारा’ म्हणजे काठी. जमिनीत रोवलेली काठी असा त्याचा अर्थ. मराठी कानांना मात्र त्या नावात वाराच ऐकू यावा, हा एक सुंदर योगायोग होय.

फलित आणि मर्यादा

या सिद्धतेचे फळ काय? नोव्हेंबर २००१ मध्ये ‘मिशेल’ हे चौथ्या श्रेणीचे वादळ क्यूबावर आले. सुमारे सात लाख लोक हलविण्यात आले. पाच जण दगावले. ३० ऑगस्ट २००८ रोजी ‘गुस्ताव’ वादळात पासो रेआल दे सान दिएगो येथे ताशी ३४० किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. घरे हजारोंनी पडली. क्यूबात मृत्यू मात्र एकही झाला नाही. २०१७ च्या सप्टेंबरात पाचव्या श्रेणीच्या ‘इर्मा’ वादळात दहा जणांचा बळी गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मेलिसा’ वादळ जमैकावर अतिभीषण रूपात आदळून दुसऱ्या दिवशी पूर्व क्यूबावर आले, तेव्हा तेथील सात लाखांहून अधिक लोक आधीच सुरक्षित स्थळी पोहोचले होते.

तथापि हे चित्र एकतर्फी रंगविणे योग्य होणार नाही. माणसे वाचतात, घरे वाचत नाहीत. सिमेंट, लोखंड व पत्रे यांच्या टंचाईमुळे पडलेली घरे उभी राहण्यास कित्येक वर्षे लागतात आणि एका वादळाची डागडुजी पुरी होण्यापूर्वीच दुसरे येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर यंत्रणेचा कणाच उघडा पडला. १८ तारखेस साऱ्या देशाची वीज गेली आणि २० तारखेस ‘ऑस्कर’ हे आकाराने लहान वादळ पूर्व टोकावर आले. त्याचा जोर कोणाच्या अपेक्षेपेक्षा अधिक निघाला. वीज नाही, दूरचित्रवाणी नाही, दूरध्वनी मुके झालेले. सान अंतोनिओ देल सूर व इमियास या भागांत पाणी भराभर चढले व किमान सात जण मरण पावले. जेथे सूचना पोहोचत नाही, तेथे साठ वर्षांचा अनुभवही हतबल होतो. फादर विन्येस यांच्या काळी तारेचे जे महत्त्व होते, तेच आज रेडिओच्या बॅटरीचे आहे.

आपल्यासाठी काय?

क्यूबाची राज्यव्यवस्था निराळी, आपली निराळी. आपल्याकडे माणसाला समजावून, त्याची संमती मिळवूनच पुढे जावे लागते, आणि तेच उचित आहे. आपल्या देशानेही या बाबतीत मोठी मजल मारलेली आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आगाऊ हलविण्यात आले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. चौदा वर्षांत वारा काही नरमला नव्हता. बदलली होती ती माणसांची तयारी.

या साऱ्या हकीकतीत मोठ्या खर्चाच्या गोष्टी थोड्या आहेत. गरोदर स्त्रिया, वृद्ध, अपंग व एकटे राहणारे यांची वस्तीनिहाय यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरात असणे व ती मे महिन्यात ताजी करणे, याला निधी लागत नाही. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांना ती जवळजवळ तोंडपाठच असते. गावातील पक्की घरे कोणती आणि कोणत्या घराने कोणाला आसरा द्यावयाचा, हे ग्रामसभेत एका बैठकीत ठरू शकते. शाळेची इमारत निवारा व्हावयाची असेल तर तिचे छप्पर, पाणी व स्वच्छतागृह पावसाळ्यापूर्वी तपासणे हे मुख्याध्यापक व सरपंच यांनी मिळून करावयाचे काम आहे. निवाऱ्याची किल्ली कोणाकडे, हे साऱ्या गावाला माहीत असावे. कोळीवाड्यातील होड्या कोणत्या खाडीत न्यावयाच्या, हे तेथील जाणत्या तांडेलांना विचारूनच लिहून ठेवावे. आणि रिकाम्या घरांवर पहारा कोण देणार, याचे उत्तर लोकांनी विचारण्यापूर्वी पंचायतीने दिलेले असावे.

वादळाची पहिली बातमी उपग्रह देतो. पण शेवटच्या घरापर्यंत ती कोणीतरी पायी नेऊन पोहोचवावी लागते. त्या दारात उभे राहणारी व्यक्ती ओळखीची असेल, तिच्या हातात यादी असेल, आणि ‘घराचे काय?’ या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर असेल, तर आतली म्हातारी आपले गाठोडे उचलून बाहेर येते. वादळापूर्वीच्या तीन दिवसांचे सारे यश त्या एका उंबरठ्यावर ठरते. तो उंबरठा आपल्या गावातील कोणाचा आहे, हे पुढच्या पावसाळ्याआधी ज्याने त्याने आपल्या गावापुरते शोधून ठेवावे.